सोमवारची गाडी पाठवू नकोस

कोल्हार, मळ्यातल्या घरून
गुरुवार, ८ जानेवारी

माझ्या दारात दोरी घेऊन माणसं पाठवायची अक्कल तुला कुणी दिली ते आधी सांग. मंगळवारी भर दुपारी पांढरी गाडी थेट ओट्याला आणून लावली. कांदे लावणाऱ्या बाया वाफ्यात उभ्या राहून बघत होत्या. दोघेजण उतरले, चपला न काढता ओट्यावर चढले. गहिनीनाथरावांनी पाठवलंय, व्यसनमुक्ती केंद्राच्या कागदावर सही झालेली आहे, पोरगं कुठं आहे, असं विचारायला लागले. एकाच्या फोनमध्ये तुझ्या पोराचा, बजरंगचा फोटो. ज्याचा शेंबूड मी पदराने पुसला त्याचा फोटो परका माणूस मला दाखवतो आणि विचारतो, हाच का. दोरी सीटखाली होती. मी पाहिली. बैल बाजाराला नेणारासुद्धा दोरी अशी लपवून नेत नाही.

चिरंजीव गहिनीनाथ यास आईचा आशीर्वाद. तो वरच्या ओळींच्या आधी लिहायचा असतो, तेवढं चौथीपर्यंत शिकवलं होतं. पण पोटात राग ठेवून आधी आशीर्वाद लिहिला असता तर तो खोटा झाला असता. सूनबाई विजयमालेला आणि नात सृष्टीलाही सांग. इकडे कांद्याची लागण उरकत आली. थंडी बरी आहे. मोरीत पाय सरकला म्हणून माझा खांदा दुखतो, त्यामुळे अक्षर उताराला लागलंय. बाकी ठीक.

फोन का केला नाही म्हणशील. केला. तू उचलत नाहीस, आणि उचललास तर आधी तूच बोलतोस. शिवाय या घरात फोनवर बजरंगचं नाव काढता येत नाही. हळू बोललं की तो दाराआड येऊन उभा राहतो. त्याला वाटतं आपलंच चाललंय, आणि नेमकं त्याचंच चाललेलं असतं. म्हणून कागद घेतला. शेजारचा फैयाज रोज पहाटे टेम्पो घेऊन कोपरगावच्या बाजाराला येतो, तो तुझ्या हातात देईल. विजयमालेच्या हातात द्यायचा नाही असं त्याला बजावलंय, कारण ती आधी वाचते आणि मग तुला सोसेल तेवढंच सांगते.

तुला माहीत असलेलं मी पुन्हा लिहिणार आहे. तू ते तुझ्या सोयीने लक्षात ठेवलंस म्हणून.

पोरगं उसाच्या ट्रॅक्टरवर होतं तोवर चांगलं होतं. मग त्याला कानात माणसं बोलायला लागली. एक बाई आणि दोन गडी, असं तो सांगतो. काम करायला लागला की त्याच्यावर बोलतात, पाणी फुटलं, पाणी फुटलं, आणि जाऊन बघावं तर वाफा धड. मग क्वार्टर सुरू झाली. आधी कान बिघडला की आधी बाटली आली यावर तू आणि मी भांडलो, अजून निकाल नाही. दारू सोडवणाऱ्यांकडे नेला तर ते म्हणाले, याला आवाज येतात, आधी डोक्याच्या डॉक्टरकडे न्या. डोक्याच्या डॉक्टरकडे नेला तर तो म्हणाला, आधी दारू सोडवून आणा. दोघांच्या मधल्या रस्त्यावर पोरगं पीत राहिलं. तुमच्या कॉलनीत बोभाटा व्हायला लागला, तेव्हा तू त्याला माझ्याकडे आणून सोडलंस. मळ्यात हवा चांगली आहे म्हणालास. हवेने कुणाचा कान बरा झालेला मी पाहिला नाही.

मग तू त्याला त्या व्यसनमुक्ती केंद्रात टाकलंस. मी तेव्हाही नाही म्हणत होते. तिथे डॉक्टर नव्हता. दारूबरोबर त्याच्या गोळ्यासुद्धा बंद केल्या, म्हणे गोळी पण नशाच. तो परत आला तेव्हा दारू सुटली होती, पण मनगटाला कुणी हात लावला की अंग चोरायचा. सृष्टीने राखी बांधायला हात पुढे केला तर त्याने राखी घेऊन खिशात घातली. तू म्हणालास, उर्मट झालाय. संडासाचं दार तो अजून लावत नाही. मी बाहेर बादली ठेवते. बादली दिसली की कुणी तिकडे जात नाही.

त्यानंतर फैयाजने आम्हाला नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे रुमाना मॅडम भेटल्या, त्या रोग्याशी आणि घरच्यांशी बोलायला असतात. त्यांनी पहिल्यांदा असं सांगितलं की आजी, हे दोन आजार एकाच माणसात आहेत, एक दाराबाहेर ठेवून दुसऱ्याला आत घेता येत नाही. दोन्हीचं औषध एकाच वेळी चालू केलं. बजरंग त्यांना म्हणाला, क्वार्टर पोटात गेली की ते तिघं लांब जातात, फाट्यावर जाऊन बोलतात. त्या म्हणाल्या, आणि सकाळी? तो म्हणाला, सकाळी बिऱ्हाड घेऊन येतात. डॉक्टर पण हसले आणि बजरंग पण. त्याला हसताना मी लई दिवसांनी पाहिलं.

मला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. तोंडाचा वास घ्यायचा नाही. प्यालास का, असं आधी विचारायचं नाही, आवाज आले का, असं विचारायचं. आणि दुसरी, तो काही विचारायला आला तर खरं तेच सांगायचं. वाईट असलं तरी. कारण बाहेरचं कोण आणि आतलं कोण हे त्याला कळत नाही, तेव्हा तो पारखायला माझ्याकडे येतो. आजी, विहिरीपाशी कोण बोलतंय? कुणी न्हाई, मोटार चालू हाय. मग तो जाऊन दारं धरतो, सगळ्या कांद्याला पाणी भरून येतो. एकदा आला आणि विचारलं, फैयाजचाचा मला येडा म्हणला का? फैयाज तसं बोलला होता. मी म्हणाले, म्हणला, आणि मी त्याला चार शब्द सुनावले. बजरंग म्हणाला, मग बरं झालं, मला वाटलं कानातलंच हाय. माणूस कुणी वेडा म्हटल्याने सुखावतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

असं सगळं रांगेला लागलेलं. मग दिवाळीनंतरच्या सप्ताहात तू आलास आणि त्याच्या गळ्यात माळ घातलीस. माळेबद्दल माझं काही म्हणणं नाही, तुझ्या बापाच्या गळ्यात होती. पण चार माणसांत तू त्याला म्हणालास, आता माळकरी झालास, गुंगीच्या गोळ्या तरी कशाला. तुम्हाला सगळ्यांना ते पटलं. पोरगं बिचारं शब्दाचं पक्कं. त्याने दारू सोडली आणि गोळ्याही सोडल्या, लपवून नाही, मला दाखवून सोडल्या. मी तुला फोन केला तर तू म्हणालास, चेहरा बघ कसा उजळलाय. चेहरा उजळला होता खरा. आत ते तिघं परत येऊन बसले होते, त्यांचा उजेड.

त्यांना लांब धाडायला तो परत प्यायला लागला. पण माळ गळ्यात ठेवून पीत नाही. आधी देवाच्या फळीखालच्या खुंटीला अडकवतो आणि मग फाट्यावर जातो. तू ते एकदा पाहिलंस आणि देवाला फसवतो म्हणालास. मला त्याचं तोंड हुंगावं लागत नाही, मी खुंटीकडे बघते. देवाला कळवून जाणारा दारुडा या तालुक्यात हा एकच असेल.

डिसेंबरात मी त्याला परत नगरला नेलं, गोळ्या परत चालू आहेत. पण कान लगेच गप्प होत नाही, त्याला वेळ लागतो असं डॉक्टर म्हणतात. आणि नेमक्या त्या वेळेत तुझी गाडी आली.

तो उसात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मी त्या माणसांना सांगितलं, तो लोणीला गेलाय, आणि चपला काढून माझा ओटा पुसून जा. ते सोमवारी येतो म्हणून गेले. मग बजरंग उसातून बाहेर आला. हाताला पात्यांनी कापलेलं. माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, ती बाई म्हणती तूच त्यांना बोलावलं. तू बोलावलं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

तो बरं म्हणाला आणि मोटार बंद करायला गेला. आता बोटं आखडली. पुढचं उद्या लिहिते.

शुक्रवार

काल लिहिलेलं वाचलं. मोरीत पाय सरकला हे खोटं आहे, आणि तुला ते माहीत आहे. मी ते सवयीने लिहिलं. फैयाजला तसं सांगितलं, कांदे लावणाऱ्या छबूबाईला तसं सांगितलं, मग कागदावरही तसंच उतरलं.

रविवारी संध्याकाळी मी त्याला गोळी दिली. तो गोळीकडे बघत राहिला. म्हणाला, ही आजची न्हाई. मी म्हणाले, आजचीच हाय, घे. तो म्हणाला, तू माझी आजी न्हाई, तिचं लुगडं नेसून बसलीस. मी हसले. तिथे चुकलं. त्याने मला ढकललं, मी कणगीवर आपटले. तो मला ढकलत नव्हता, लुगडं नेसून बसलेल्या त्या दुसऱ्या बाईला ढकलत होता. पण खांदा माझाच होता. नंतर त्याने हळद गरम करून वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि स्वतः गोठ्यात जाऊन बसला. आत यायला तयार नाही. म्हणाला, मी लांबच बरा.

मी भ्याले. तुझा बाप गेला तेव्हा भ्याले नाही, विहिरीत पडले होते तेव्हा भ्याले नाही, पण हळदीची ती वाटी बघून भ्याले. आणि मग मी काय केलं ते तूच ऐकलंस, कारण त्या वेळी फोन तू उचलला होतास. मी म्हणाले, "घेऊन जा याला. माझ्यानं आता होत न्हाई."

तू मग गाडी पाठवलीस. माझ्या शब्दावर पाठवलीस. मंगळवारी मी त्या माणसांना हाकलून दिलं तेव्हा तुला वाटलं असेल, म्हातारी आधी बोलावते आणि मग दारातून माघारी लावते. तुझा राग बरोबर आहे. तेवढाच बरोबर आहे. मी घेऊन जा म्हणाले, बांधून ने म्हणाले नाही. न्यायला बाप येईल असं मला वाटलं होतं. तुझ्या जागी तू दोन पोरं आणि दोरी पाठवलीस.

आणि आता कुठे अडकलंय ते नीट वाच. त्याच्या कानातल्या बाईने त्याला खरं सांगितलं. आजीने खोटं सांगितलं. तो पारखायला माझ्याकडे आला होता आणि मी त्याला वजनच खोटं दिलं. आज तो माझ्यावर विश्वास ठेवून मोटार चालू करतो, भाकर खातो, गोळी घेतो. सोमवारी गाडी आली आणि तिच्यातून तू उतरलास आणि तुझ्या तोंडून निघालं की तुझ्या आजीनेच बोलावलं, तर त्या दिवसापासून ती बाईच त्याची आजी. मग त्याला नगरला न्या, मुंबईला न्या, त्याला कोण परत आणणार?

सृष्टीला बघायला पाहुणे येणार आहेत म्हणून तुला घाई आहे, ते विजयमालेने सांगितलं. सृष्टी माझीही नात आहे. तिचं चांगलं व्हावं. पण भाऊ कुठे आहे असं पाहुण्यांनी विचारलं तर दवाखान्यात उपचार चालू आहेत म्हणायला तुझी जीभ झडते का? नोकरीला सुरतेला आहे असं तू सांगणार आहेस म्हणे. सुरत. आजवर या घरातलं कुणी तिकडे गेलं नाही, आजारी पोरगं बरं गेलं.

सकाळी मी फैयाजच्या घरी गेले, तिथून रुमाना मॅडमला फोन केला आणि ढकलल्याचं सांगितलं. त्या रागावल्या. त्या रागावल्या की हळू बोलतात. म्हणाल्या, आजी, हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं, गोळीचं प्रमाण त्यावर ठरतं, आणि हे लपवून तुम्ही त्याला वाचवत नाही. मी ऐकून घेतलं. येत्या मंगळवारी त्याला घेऊन या म्हणाल्या. डॉक्टरला वाटलं तर काही दिवस दवाखान्यातच ठेवतील, तिथे डॉक्टर असतो, नर्स असते, आणि दारू एकदम तुटली की झटके येतात त्यावरचं औषध असतं. कुठल्याही केंद्रात असं बांधून नेऊन एकदम बंद करणं जिवावरचं आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. विळे, कोयता, फवारणीचं औषध घराबाहेर काढा म्हणाल्या, ते सगळं आता फैयाजकडे आहे. परत हात उचलला तर वाद घालायचा नाही, घरातून बाहेर पडायचं आणि मदतीला फोन करायचा. मी ते करणार. मी काही देवी नाही, आणि नातू म्हणून हाडं मोडून घेणार नाही.

आणखी एक म्हणाल्या. तुमच्या एकटीच्या जिवावर हे चालणार नाही, दुसरं माणूस लागेल, घरातलं. मी म्हणाले, बाप आहे. त्या म्हणाल्या, मग ते आजवर एकदाही का आले नाहीत? मी म्हणाले, कारखान्याचा सीझन चालू आहे. हे पण खोटं. गेल्या पावसाळ्यात कसला सीझन होता?

शेवटी मी विचारलं, त्याला खरं सांगू का. सांगा म्हणाल्या, पण एकटीने नको, जवळ कुणी असू द्या.

शनिवार

सांगितलं.

फैयाज ओट्यावर बिडी ओढत बसला होता. बजरंग जेवून उठला, दारू नव्हती, माळ गळ्यात होती. मी म्हणाले, बस जरा. तो दाराकडे तोंड करून बसला. मी फिरवून बोलले नाही. म्हणाले, "मंगळवारी तू इचारलं ते मी खोटं सांगितलं. तुझ्या आण्णाला मीच फोन केला हुता. तू ढकललं म्हणून भ्याले हुते."

फैयाजची बिडी विझली तरी त्याने ती हातातच धरली होती. मग बजरंग म्हणाला, "म्हंजी ती बाई खरं बोलली."

"व्हय. त्या टायमाला."

"आन् तू खोटं."

"व्हय."

तो उठला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. फैयाजही उठला. बजरंग दोघांच्या मधून गेला, माळ खुंटीला अडकवली आणि फाट्याच्या वाटेला लागला. मी फैयाजला म्हणाले, अडवू नको, नुसता मागे जा. माझे पाय चालत असते तर मीच गेले असते. मी भाकरीचं पीठ मळून ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले, भाकरी केल्या नाहीत.

दुपार कलल्यावर परत आला. फैयाज मागे शंभर पावलांवर, चोरासारखा. वास येत होता, हुंगायची गरज नव्हती. मला विचारायचं होतं की किती प्यालास. विचारलं, आवाज आले का.

आले म्हणाला.

काय म्हणाले, विचारलं.

"म्हणले, आजीचं बघितलं, आता बापाचं बघ." मग ओट्याच्या कडेला बसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. म्हणाला, "आजी, सोमवारी आण्णा त्यांच्यासंगं येनार का? का मंगळवारी माझ्यासंगं दवाखान्यात येनार?"

मी म्हणाले, "मला माहीत न्हाई."

"ती बाई म्हणती, तिला माहीत हाय."

"तिला बी माहीत न्हाई. ते तुझ्या बापालाच माहीत."

"मग त्याला इचार," म्हणाला. गोळी मागून घेतली. मी मॅडमला फोन करून विचारलं, प्यायलेला आहे, देऊ का. त्यांनी डॉक्टरला विचारून सांगितलं ती एक दिली, दुसरी राहू दिली. घेऊन झोपलाय. गोठ्यात नाही, घरात. दार उघडं ठेवून.

तर मी विचारते आहे. माझी विचारण्याची पद्धत वाकडी आहे, तुला लहानपणापासून माहीत आहे. तू यावंस म्हणून मी तुला आई म्हणून शपथ घालणार नाही आणि रडणारही नाही. मंगळवारी सकाळी फैयाजची गाडी नगरला निघेल, पुढे दोघांची जागा आहे, मी मागे बसेन. तू आलास तर तुला तिथे एक काम आहे, त्याच्या शेजारी बसणं. बोलायचं नाही, समजवायचं नाही, सृष्टीच्या पाहुण्यांचं काढायचं नाही. तो काही विचारेल. खरं असेल ते सांगायचं. तू सांगशील ते वाईट असलं तरी त्याला चालेल, खोटं चालणार नाही, हे मी अंगावर काढून शिकले.

आणि तू यायचं नाही ठरवलंस, गाडीच पाठवायची ठरवलीस, तर तेही त्याला आधी कळलं पाहिजे. कळून तो काय करेल मला ठाऊक नाही. तू गप्प बसलास तर तुझ्या ऐवजी ते तिघं त्याला उत्तर देतील. ते काय देणार आहेत ते त्याने झोपण्याआधी मला सांगितलं. ते मी कागदावर लिहीत नाही. तू कोल्हारच्या पुलावरून येतोस तेव्हा खाली प्रवरेत किती पाणी असतं ते तू पाहिलेलं आहेस.

उद्या पहाटे फैयाज हे तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत तिथून हलणार नाही.

तुला पाजलं ती, आणि त्याला सांभाळते ती,
रंगुबाई

मला उत्तर लिहू नकोस. विजयमालेने फोन करायचा नाही, सृष्टीने मेसेज करायचा नाही, फैयाजजवळ निरोप द्यायचा नाही. विचारलंय बजरंगने. उत्तर त्याच्या बापाने द्यायचं, त्याच्यासमोर उभं राहून, सोमवारच्या आत.